कर्नलची बीटीएफ माहिती एममॅपने थेट आपल्या प्रोग्रॅममध्ये कशी वापरावी

लिनक्स कर्नलमधील प्रत्येक स्ट्रक्चरमध्ये कोणती फील्ड आहेत, ती कोणत्या टाइपची आहेत आणि सुरुवातीपासून किती अंतरावर आहेत, ही सारी माहिती चालू कर्नल स्वतःजवळच बाळगतो. या माहितीच्या स्वरूपाला बीटीएफ, म्हणजे बीपीएफ टाइप फॉरमॅट, असे नाव आहे. ते २०१८ मध्ये कर्नलच्या ४.१८ या आवृत्तीत आले आणि नोव्हेंबर २०१९ मधील ५.४ पासून ही माहिती /सिस/कर्नल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स या फाइलमधून कोणत्याही प्रोग्रॅमला वाचता येऊ लागली. कर्नल बांधताना पाहोल हे साधन ड्वार्फ स्वरूपातील भलीमोठी डीबग माहिती घेते, त्यातील पुनरुक्ती काढून टाकते आणि काही मेगाबाइटांत मावेल असे बीटीएफ तयार करते.

काही मेगाबाइट हा आकडा लहान वाटतो, पण ईबीपीएफवर, म्हणजे कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीवर, चालणारे अनेक प्रोग्रॅम ही फाइल उघडून तिची संपूर्ण प्रत स्वतःच्या हीपमध्ये, म्हणजे कामाच्या मेमरीत, करून घेतात. एकाच सर्व्हरवर नेटवर्कवर लक्ष ठेवणारा एक, सुरक्षेसाठी दुसरा आणि प्रोफाइलिंगसाठी तिसरा एजंट चालत असेल, तर कर्नलच्या मेमरीत आधीपासून असलेल्या आणि कधीही न बदलणाऱ्या त्याच बाइटांच्या आणखी तीन प्रती तयार होतात. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ६.१६ या आवृत्तीपासून ही फाइल एममॅप करता येते, त्यामुळे कर्नलची तीच पेजेस, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, प्रोसेसच्या पत्त्यांत दिसू लागतात आणि प्रत करण्याची गरजच उरत नाही. मॅपिंगचे काम मोजक्या ओळींचे आहे. खरी काळजी त्यानंतर घ्यावी लागते, कारण या बाइटांचा अर्थ लावणाऱ्या पार्सरने पुढे प्रत्येक नावाची आणि प्रत्येक टाइपची वेगळी प्रत केली, तर वाचवलेली मेमरी दुसऱ्या वाटेने निघून जाते.

आधी फाइल फक्त वाचण्यासाठी उघडावी. तिची परवानगी सर्वांना वाचण्याची असल्याने त्यासाठी रूट असण्याची गरज नाही. फाइल सापडलीच नाही, तर कर्नल बीटीएफचा पर्याय चालू न ठेवता बांधलेला असतो किंवा कंटेनरमध्ये सिसएफएस, म्हणजे /सिस खालची फाइल व्यवस्था, माउंट केलेली नसते. या दोन कारणांसाठी वेगवेगळे एरर संदेश दिले तर वापरणाऱ्याचा बराच वेळ वाचतो. त्यानंतर एफस्टॅट या कॉलने फाइलचा आकार घ्यावा. येथे मिळणारा आकार खरा असतो, म्हणजे बीटीएफ विभागात जितके बाइट आहेत तितकाच. आता एममॅपला पत्ता शून्य, लांबी हा आकार, संरक्षण फक्त ‘प्रॉट रीड’, फ्लॅग ‘मॅप प्रायव्हेट’ आणि ऑफसेट शून्य द्यावा. मॅपिंग मिळाल्यावर फाइल डिस्क्रिप्टर लगेच बंद केला तरी चालते. मॅपिंग त्यावर अवलंबून राहत नाही.

यातील प्रत्येक अट कर्नल काटेकोरपणे तपासतो. लिहिण्याची परवानगी मागितली, अथवा ‘मॅप शेअर्ड’ वापरले, तर ‘ईअॅक्सेस’ हा एरर येतो. ऑफसेट शून्य नसला किंवा लांबी शेवटच्या पेजच्या पुढे गेली, तर ‘ईइनव्हॅल’ येतो. वाचण्यापुरते मॅपिंग घेऊन नंतर संरक्षण बदलणाऱ्या एमप्रोटेक्टने लिहिण्याची परवानगी मिळवण्याची वाटही बंद आहे, कारण कर्नल मॅपिंग देतानाच ती शक्यता काढून घेतो. प्रायव्हेट मॅपिंग म्हटले की कॉपी ऑन राइट, म्हणजे लिहिताक्षणी वेगळी प्रत होणे, डोळ्यांसमोर येते, पण येथे लिहिताच येत नसल्याने पेजची स्वतंत्र प्रत होण्याचा प्रसंग कधीच येत नाही आणि प्रोसेस शेवटपर्यंत कर्नलचीच मूळ पेजेस पाहत राहते.

लांबीवरील अटीमागे सुरक्षेचे कारण आहे. एममॅप नेहमी पूर्ण पेजेसमध्ये काम करते, पण बीटीएफचा आकार पेजच्या पटीत असेलच असे नाही. म्हणून हा विभाग पेजच्या सीमेवर सुरू होईल आणि शेवटच्या पेजमधील उरलेली जागा शून्यांनी भरलेली असेल, अशी व्यवस्था कर्नलच्या लिंकर स्क्रिप्टमध्ये करण्यात आली. तसे केले नसते तर शेजारचा कर्नलचा डेटा कोणत्याही सामान्य प्रोग्रॅमला दिसला असता. आपल्या पार्सरनेही त्या शून्यांवर काही अवलंबून ठेवू नये आणि एफस्टॅटने दिलेल्या आकारापाशीच थांबावे.

सी भाषेत हे फ्लॅग आपण स्वतः लिहितो, त्यामुळे चूक झाली तरी ती समोर दिसते. इतर भाषांतील तयार साधनांत मात्र चूक लपून राहते. पायथनचे एममॅप मॉड्यूल काही न सांगितल्यास शेअर्ड आणि लिहिता येण्याजोगे मॅपिंग मागते. त्यातील ‘अॅक्सेस रीड’ हा पर्यायही शेअर्ड मॅपिंगच घेतो, आणि ‘अॅक्सेस कॉपी’ प्रायव्हेट असले तरी लिहिण्याची परवानगी मागते. तिन्ही वाटांनी ‘ईअॅक्सेस’च पदरी पडतो. त्यामुळे फ्लॅग आणि संरक्षण हे दोन्ही आर्ग्युमेंट स्वतंत्रपणे, नावानिशी द्यावेत. रस्टमधील मेममॅप२ या क्रेटचे साधे ‘मॅप’ फंक्शन याच कारणाने अपयशी ठरते. तेथे ‘मॅप कॉपी रीड ओन्ली’ वापरावे.

जुन्या कर्नलवर एममॅप ‘ईनोडेव्ह’ परत करते. त्याचा अर्थ या फाइलला मॅपिंगची सोय नाही, एवढाच घ्यावा आणि प्रोग्रॅमने निमूटपणे रीडकडे वळावे. ईबीपीएफची लायब्ररी लिबबीपीएफही आधी मॅपिंगचा प्रयत्न करते आणि ते जमले नाही तर फाइल वाचते. कर्नलच्या आवृत्तीचा आकडा पाहून निर्णय घेण्याचा मोह टाळावा, कारण लिनक्सचे वितरक अनेकदा नव्या सोयी जुन्या आवृत्तीत आणतात. प्रयत्न करून पाहणे हीच येथे भरवशाची चाचणी आहे. मात्र रीडची ही वाट लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिसएफएसमधील अशी बायनरी फाइल एका रीड कॉलमध्ये जास्तीत जास्त एक पेज देते, मग बफर कितीही मोठा असो. ४०९६ बाइटांच्या पेजने ६ मेगाबाइटांची फाइल वाचायला १५३६ कॉल लागतात, आणि एकदाच रीड करून थांबणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती फक्त पहिले पेज लागते. पहिल्या पेजमध्ये हेडर पूर्ण असल्याने सुरुवातीची तपासणी पार पडते आणि बिघाड पुढे भलत्याच ठिकाणी दिसतो. रीड नेहमी लूपमध्येच ठेवावे.

हाती आलेल्या बाइटांचा पहिला भाग म्हणजे हेडर. पहिल्या दोन बाइटांत ओळखअंक असतो. त्याचे दशमान मूल्य ६०३१९ आहे आणि लिटल एंडियन, म्हणजे खालचा बाइट आधी ठेवणाऱ्या, यंत्रावर ते बाइट अनुक्रमे १५९ आणि २३५ असे दिसतात. त्यानंतर एका बाइटात आवृत्ती, एका बाइटात फ्लॅग आणि मग प्रत्येकी ४ बाइटांचे पाच आकडे येतात: हेडरची लांबी, टाइप विभागाचा ऑफसेट व लांबी आणि स्ट्रिंग विभागाचा ऑफसेट व लांबी. हे सर्व मिळून २४ बाइट होतात, पण २४ हा आकडा कोडमध्ये पक्का करू नये. दोन्ही ऑफसेट हेडर जेथे संपते तेथून मोजायचे असतात आणि ते कोठे संपते हे हेडरमधील लांबीच सांगते. दोन्ही विभाग फाइलच्या आकारात बसतात की नाही हे ६४ बिटांच्या गणिताने तपासावे, म्हणजे बेरीज ओव्हरफ्लो होऊन खोटे उत्तर मिळणार नाही.

टाइप विभागात नोंदी एकामागून एक लावलेल्या असतात. प्रत्येक नोंदीचे पहिले १२ बाइट सारखेच असतात: नावाचा ऑफसेट, माहितीचा एक आकडा, आणि टाइपचा आकार किंवा ज्या टाइपकडे ती निर्देश करते त्याचा क्रमांक. माहितीच्या आकड्यातील खालच्या १६ बिटांत घटकांची संख्या असते आणि २४ ते २८ या बिटांत टाइपचा प्रकार असतो. त्या १२ बाइटांनंतर पूर्णांक, व्हेरिएबल आणि डिक्लरेशन टॅग यांच्या नोंदीत आणखी ४ बाइट असतात, अॅरेच्या नोंदीत १२; स्ट्रक्चर, युनियन, डेटासेक्शन आणि ६४ बिटांचे इनम यांत प्रत्येक घटकामागे १२, तर साधे इनम आणि फंक्शन प्रोटोटाइप यांत प्रत्येक घटकामागे ८. पॉइंटर, टाइपडेफ, कॉन्स्ट यांसारख्या उरलेल्या प्रकारांत काहीच नसते. अनोळखी प्रकार आला तर तेथेच थांबून स्पष्ट एरर द्यावा, कारण त्या नोंदीची लांबी माहीत नसल्याने पुढचे काहीच नीट वाचता येणार नाही. नोंदींना क्रमांक १ पासून मिळतात. शून्य म्हणजे व्हॉइड आणि त्याची नोंद फाइलमध्ये नसते.

पार्सर बरोबर चालतो की नाही हे पाहण्यासाठी कर्नलमधील ‘लिस्ट हेड’ हे छोटे स्ट्रक्चर घ्यावे. ६४ बिटांच्या यंत्रावर त्याची नोंद ३६ बाइटांची असते. माहितीच्या आकड्याचे चार बाइट लिटल एंडियनमध्ये २, ०, ०, ४ असे दिसतात, म्हणजे प्रकार ४, स्ट्रक्चर, आणि घटक दोन. आकार १६ येतो. मग ‘नेक्स्ट’ या घटकाचा ऑफसेट ० आणि ‘प्रेव्ह’चा ६४ दिसतो, हे ऑफसेट बिटांत असल्याने ८ ने भागल्यावरच बाइटांतील अंतर मिळते. दोन्ही घटकांचा टाइप क्रमांक एकच असतो, आणि त्या क्रमांकाचा पॉइंटर परत ‘लिस्ट हेड’कडेच वळतो. एवढे जुळले की क्रमांकांची मोजणी एकानेही चुकलेली नाही अशी खात्री पटते. नंतर ‘टास्क स्ट्रक्ट’सारखे मोठे स्ट्रक्चर घेऊन बीपीएफटूल या साधनाच्या बीटीएफ डंपशी पडताळावे. तेथे दोन गोष्टी नव्याने भेटतात. नाव नसलेल्या आतल्या स्ट्रक्चर किंवा युनियनमध्ये उतरून बाहेरचा ऑफसेट आतल्यात मिळवावा लागतो. आणि माहितीच्या आकड्यातील ३१वा बिट लावलेला असेल, तर घटकाच्या ऑफसेटचे वरचे ८ बिट बिटफील्डची रुंदी सांगतात आणि फक्त खालचे २४ बिट अंतर सांगतात.

मेमरी वाचते की जाते, हे खरे तर इथून पुढे ठरते. नोंदींची लांबी कमीजास्त असल्याने क्रमांकावरून थेट नोंदीवर जाण्यासाठी इंडेक्स हवाच, पण त्यात प्रत्येक टाइपमागे ४ बाइटांचा ऑफसेट पुरतो. १,३०,००० टाइप असतील तर इंडेक्स ५,२०,००० बाइटांचा होतो. प्रत्येक टाइपसाठी ऑब्जेक्ट आणि नावाची स्ट्रिंग तयार केली तर हाच खर्च कित्येक पट वाढतो. नावे स्ट्रिंग विभागात शून्य बाइटाने संपणारी आहेत, म्हणून त्यांची तुलना जागच्या जागी करावी. पायथनमध्ये एममॅप ऑब्जेक्टचा स्लाइस घेतला की प्रत होते; मेमरीव्ह्यू वापरला तर होत नाही.

प्रत न करण्याची किंमतही समजून घ्यावी. नावाकडे किंवा नोंदीकडे बोट दाखवणारा प्रत्येक पॉइंटर मॅपिंग जिवंत असेपर्यंतच वैध आहे. गोमध्ये मॅप केलेल्या बाइटांवरून प्रत न करता स्ट्रिंग बनवली, तर गार्बेज कलेक्टरला त्या मेमरीची काहीच कल्पना नसते. मुनमॅप झाल्यावर, म्हणजे मॅपिंग काढल्यावर, ती स्ट्रिंग कोणी वाचली की प्रोग्रॅम कोसळतो, आणि तो कोसळण्याचे ठिकाण मूळ चुकीपासून फार दूर असते. माझ्या मते मॅपिंग एकदाच घ्यावे, ते प्रोसेस संपेपर्यंत ठेवावे आणि लायब्ररीच्या बाहेर जाणाऱ्या मोजक्या नावांची प्रत त्या सीमेवरच करावी.

मॉड्यूलांचे बीटीएफ फेब्रुवारी २०२१ मधील ५.११ पासून त्याच डिरेक्टरीत मॉड्यूलच्या नावाच्या फाइलमध्ये मिळते, पण त्या फाइलींना ६.१६ ने मॅपिंगची सोय दिली नाही. त्या वाचूनच घ्याव्या लागतात. त्या लहान असतात आणि मुख्य बीटीएफवर रचलेल्या असतात: त्यांतील टाइप क्रमांक मुख्य बीटीएफच्या शेवटच्या क्रमांकापुढे सुरू होतात, आणि नावाचा ऑफसेट मुख्य स्ट्रिंग विभागाच्या लांबीपेक्षा कमी असेल तर नाव मुख्य विभागात शोधायचे, नसेल तर ती लांबी वजा करून मॉड्यूलच्या विभागात. म्हणून मॉड्यूलची नोंद हीपमध्ये आणि तिचे नाव मॅपिंगमध्ये, अशी परिस्थिती नेहमीच येते. नाव शोधणारे फंक्शन पहिल्यापासून या दोन्ही जागा ओळखणारे लिहावे आणि एखादे मॉड्यूल बंद झाले म्हणून मुख्य मॅपिंग सोडू नये.