या चुका टाळा: ‘गेट’चे शंभर अर्थ पाठ करणाऱ्यांसाठी

‘गेटचे शंभर अर्थ, एकाच पानावर’ असा इंग्रजीतल्या get या क्रियापदाचा एक तक्ता दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरत येतो आणि माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात कोणीतरी त्याची रंगीत प्रिंट घेऊन येतंच. लॅमिनेट करून आणणारेही पाहिलेत. आणि तोंड उघडलं की ‘आय ॲम बोरिंग’ म्हणणारेही बहुतेक तेच.

पहिली चूक हीच, अर्थ पाठ करणं. आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दुपारी डोळा लागतो आणि घाटात गाडी लागते. कोणी ‘लागणे’चा तक्ता पाठ केला होता का? सोबतचा शब्द ऐकून आपण अर्थ लावतो. गेटचंही तसंच करा, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा. वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं, विशेषण आलं तर अवस्था बदलणं, ठिकाण आलं तर पोचणं. हा शब्द इंग्रजीत आला जुन्या नॉर्स भाषेतून, आणि तिथेही त्याचा अर्थ मिळवणे असाच होता. बाकीचा पसारा त्यातूनच वाढलाय.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. पुण्यातल्या एका कंपनीत काम करणारा एक विद्यार्थी माझ्याकडे यायचा. हुशार, पण भयंकर घाईचा. ‘टू, ऑफ, ॲट असले बारके शब्द गाळा, इंग्रजी आपोआप फास्ट होईल’ असा सल्ला त्याला कुठल्याशा व्हिडिओत मिळाला होता. इंग्लंडमधल्या एका ग्राहकाने मेलवर तक्रार केली, तर याने तत्परतेने उत्तर धाडलं, ‘डोंट वरी, आय विल गेट यू बॅक बाय इव्हिनिंग.’ त्याला म्हणायचं होतं, संध्याकाळपर्यंत कळवतो. वाचणाऱ्याला ते दिसलं असं: काळजी नसावी, संध्याकाळपर्यंत तुमचा सूड उगवतो. समोरून एकच ओळ आली, ‘व्हॉट डिड आय डू?’ वर हा मलाच विचारतो, सर, त्यांना साधं इंग्रजी कळत नाही का हो?

बरोबर वाक्य ‘आय विल गेट बॅक टू यू’. यातला टू बारका नाही, सगळं वाक्य त्याच्यावर उभं आहे. मी वर्गात हे चार शब्द सुटे बोलूच देत नाही. गेटबॅकटूयू, एका दमात, एकच शब्द असल्यासारखं. व्याकरण नंतर बघू, आधी जीभ वळू दे.

दुसरी लाडकी चूक भावनांची. आपल्याला राग येतो, कंटाळा येतो, म्हणजे आपल्याकडे ही नामं. म्हणून ‘आय गॉट अँगर’ आपसूक तोंडात येतं. इंग्रजीला इथे विशेषण लागतं: आय गॉट अँग्री, आय गॉट टायर्ड, आय ॲम गेटिंग बोअर्ड. ‘आय ॲम बोरिंग’ म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे, आणि मुलाखतीत हे आपणहून सांगण्याचं काहीच कारण नाही. दुखणी मात्र नामंच राहतात, ‘आय गॉट अ फीव्हर’ चालतं. ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झाली. त्यातला ‘अ’ खाल्लात तर ‘आय गॉट कोल्ड’, म्हणजे अंग गार पडलं, थंडी वाजायला लागली. बारके शब्द गाळणाऱ्यांनी हे दोन्ही एकाखाली एक लिहून ठेवावं.

मग केशकर्तनालय. मराठीत ‘काल केस कापले’ म्हटलं तर कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटतं, आरशासमोर उभं राहून तुम्हीच कापलेत. दुसऱ्याकडून करून घेतलं की गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप: आय गॉट माय हेअर कट, वी गॉट द हाऊस पेंटेड. क्रम उलटा करून ‘आय गॉट कट माय हेअर’ म्हणू नका, ते काहीच होत नाही. माणसाचं नाव घ्यायचं असेल तर टू येतो, आय गॉट द प्लंबर टू फिक्स द टॅप. मेक वापरलंत तर टू जातो, आय मेड हिम फिक्स इट, पण त्यात जरा जबरदस्तीचा वास आहे. गंमत म्हणजे ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’ हीसुद्धा त्याच साच्यातली. बोट कोणी मुद्दाम चेमटून घेत नाही, पण झालेल्या अपघातालाही हाच साचा चालतो. मी मुलांना रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरात दुसऱ्याकडून करून घेतलेली कामं वहीत लिहायला लावतो: चप्पल शिवून घेतली, गाडीत हवा भरून घेतली. ॲपवर टिचक्या मारून हे बसत नाही असं माझं ठाम मत आहे. वहीच लागते.

आता भराभर. ‘गेट टू होम’ नाही, नुसतं ‘गेट होम’. ऑफिसला मात्र ‘गेट टू द ऑफिस’. लग्न ‘गेट मॅरिड टू’, विथ नाही. जाग येणं वेक अप, अंथरूण सोडणं गेट अप. सहाला वेक अप होऊन आठला गेट अप होणारे वर्गात भरपूर आहेत. ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ आपल्याकडे खपतं, बाहेर ‘सॉरी, आय डिडंट गेट दॅट’ म्हणा. ‘गॉटन’ चुकीचं नाही, अमेरिकेत ते रोजचं आहे. ब्रिटिश वळणाच्या परीक्षेत मात्र गॉटच लिहा.

शाळेत ‘गेट हा गावठी शब्द’ असं ऐकून आलेल्यांची चूक उलटी असते. ते कँटीनमध्ये चहा ऑब्टेन करतात. अर्जात, सरकारी पत्रात रिसीव्ह, ऑब्टेन, बिकम जरूर वापरा. चहा गेटच करा.

राहिलं चढणं-उतरणं. ज्यात उभं राहून चालता येतं ती बस, ट्रेन, विमान: गेट ऑन, गेट ऑफ. ज्यात वाकून शिरावं लागतं ती कार, रिक्षा: गेट इन, गेट आऊट. टांग टाकून बसायची ती सायकल, मोटरसायकल पुन्हा ऑन-ऑफ. दादरला ‘गेट डाऊन’ म्हणालात तर कोणी अडवणार नाही, तिथे आधी दारापर्यंत पोचणं महत्त्वाचं. लंडनच्या बसमध्येही समजून घेतील, पण शेजारचा ‘गेट ऑफ’ म्हणेल, तेवढं कान देऊन ऐका.