गुंडाळी झालेला लांबलचक जुना ग्रुप फोटो: उघडायचा कसा, वाचायचा कसा, स्कॅन कसा करायचा

पहिली गोष्ट म्हणजे तो ओढून उघडू नका. नळीसारखा घट्ट वळलेला फोटो हातात आला की कुणालाही वाटतं जरा टोक धरून बघू कोण कोण आहे त्यात, आणि मग टचकन आवाज येतो. मी हे केलंय, चीर बरोबर एकाच्या नाकावरून गेली, म्हणून एवढं ठासून सांगतोय. कागदाच्या वर जिलेटिनचा थर असतो, तो वर्षानुवर्षं सुकत आक्रसत जातो, कागद त्याच्या मागे ओढला जातो म्हणून फोटो आत वळतो, आणि तो सुकलेला थर सरळ करायला गेलं की वाकत नाही, तडकतो.

उघडायच्या आधी त्याची उंची मोजून घ्या, गुंडाळलेला असतानाच मोजता येते. कारण हे तीन-चार फूट लांबीचे फोटो बहुतेक वेळा सर्कट नावाच्या, स्वतःभोवती फिरणाऱ्या कॅमेऱ्याचे असतात, आणि त्या कॅमेऱ्याचे नंबर म्हणजे फिल्मची रुंदी इंचात: ५, ६, ८, १० आणि १६. विल्यम जॉन्स्टनने १९०४ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट घेतलं, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये तो बनायचा, आणि प्रिंट मोठी करून काढायची भानगडच नव्हती, निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच मापाची प्रिंट काढायची. म्हणजे फोटो साधारण १० इंच उंच असेल तर कॅमेरा बहुतेक १० नंबरचा (कडा कापलेल्या असू शकतात, तेवढं धरून चाला). फोटो जेमतेम १२ इंच लांब आणि साडेतीन इंच उंच असेल तर प्रकरण वेगळं, तो कोडॅकचा ४ नंबरचा पॅनोराम असू शकतो, १८९९ मध्ये आलेला, त्यात कॅमेरा जागेवरच राहायचा आणि फक्त लेन्स १४२ अंशांत झुलायची. आणि १२ बाय २० इंचासारख्या मापाचा, जेवणावळीचा हॉल वगैरे असलेला फोटो दिसला तर तो साधा मोठ्या फिल्मचा बँक्वेट कॅमेरा, त्यात काहीच फिरत नाही.

आता उघडणं. झाकणाची मोठी प्लॅस्टिकची बादली घ्या, तळाला दोन-तीन बोटं साधं पाणी, गरम नको, आणि त्यात एक छोटी कोरडी बादली ठेवून तिच्यात फोटो उभा ठेवा. झाकण लावा, पण झाकणाच्या आतून टिपकागद चिकटवा, नाहीतर वाफ जमून थेंब फोटोवर पडतो आणि डाग कायमचा. दर दोनेक तासांनी बघत राहायचं, कधी चार तासात सैल होतो, कधी रात्रभर लागते. हाताने काही जोर न लावता आपोआप पसरायला लागला की काढा, आणि एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका, बुरशी येते. मग टिपकागदावर पालथा नाही, उताणा ठेवा, वरून न चिकटणारं पातळ पॉलिस्टर कापड, त्यावर परत टिपकागद, त्यावर सपाट फळी आणि फळीवर पुस्तकं. हे कापड टाळू नका, कारण दमट झालेलं जिलेटिन कागदाला चिकटतं आणि मग चेहरे टिपकागदावर निघून येतात. टिपकागद तासाभराने बदला, दुसऱ्या दिवशी परत बदला आणि आठवडाभर विसरून जा.

फोटो हाताने रंगवलेला असेल, पोपडे सुटत असतील, बुरशीचा वास येत असेल किंवा पुठ्ठ्यावर डकवलेला असेल तर हे घरी करूच नका, फोटो जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या. आणि गुंडाळीत प्रिंटऐवजी निगेटिव्ह निघाली तर कडेला सेफ्टी असं छापलंय का बघा. नसेल तर ती नायट्रेट फिल्म धरून चाला, ती भयंकर पेट घेते, कोडॅकने ती बनवणं १९५१ पर्यंत चालू ठेवलं होतं. तिखट वास, चिकटपणा, तपकिरी रंग दिसला तर घरात इतर फोटोंसोबत ठेवू नका आणि दिव्याखाली स्कॅन तर अजिबात नाही.

फोटो सपाट झाला की खरी मजा सुरू. हा फोटो एका क्षणाचा नाहीये. सर्कटमध्ये चावीची मोटर असायची घड्याळासारखी, ती अख्खा कॅमेरा दातेरी चक्रावर फिरवायची, आणि आत फिल्म एका उभ्या फटीमागून उलट्या दिशेने तेवढ्याच वेगाने सरकायची. म्हणजे या टोकाचा माणूस आधी टिपला गेला आणि त्या टोकाचा काही सेकंदांनी, फोटोची लांबी म्हणजे तेवढा वेळच आहे. म्हणूनच पोरं एका टोकाला उभी राहायची, कॅमेरा पुढे गेला की मागच्या मागे धावत दुसऱ्या टोकाला जाऊन परत उभी, आणि एकच माणूस दोन्हीकडे. दोन्ही टोकांचे चेहरे, टोपी, टाय ताडून बघा, सापडला तर सापडला. एखादं कुत्रं विचित्र लांब दिसलं तर कॅमेरा ज्या दिशेला फिरत होता त्याच दिशेला ते चालत होतं, आखूड दिसलं तर उलट. आणि एका टोकाला उभा फिका पट्टा असेल तर बहुतेक तिथून सुरुवात झाली, मोटरने अजून वेग घेतला नव्हता म्हणून तेवढ्या भागाला प्रकाश जास्त मिळाला.

मागची इमारत मधे फुगलेली दिसते का? ती सरळच होती. वाकडी उभी होती ती माणसं, फोटोग्राफर सगळ्यांना कॅमेऱ्याभोवती कमानीत उभं करायचा म्हणजे प्रत्येकाचं अंतर सारखं आणि फोटोत रांग सरळ. सरळ रांगेत उभं केलं असतं तर मधले मोठे आणि टोकाचे लहान आले असते. बँक्वेट कॅमेऱ्याच्या फोटोत मात्र सरळ रेषा सरळच राहतात, ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. हौस असेल तर कोनही काढता येतो: फोटोची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लांबचं टिपताना लेन्स आणि फिल्ममधलं साधारण अंतर), गुणिले ५७. लेन्स १८ इंची आणि फोटो ३६ इंची असेल तर साधारण ११४ अंश.

तारखेसाठी खालची पांढरी अक्षरं आधी बघा, ती निगेटिव्हवर काळ्या शाईने लिहिलेली असायची म्हणून प्रिंटवर पांढरी. तिथे काही नसेल आणि फोटो अमेरिकेतला असेल तर झेंडा शोधा: ४६ तारे असतील तर १९०८ ते १९१२, ४८ असतील तर १९१२ ते १९५९. तारे मोजायला भिंग लागेल, झेंडा हलला असेल तर नशीब.

आता स्कॅनिंग. साध्या ए-४ स्कॅनरच्या काचेला उंच कडा असते, त्यावर लांब फोटो ठेवला की तो वाकतो आणि एवढी मेहनत पाण्यात, त्यामुळे सपाट कडेचा स्कॅनर असेल तरच स्कॅनर, नाहीतर स्टँडला लावलेला कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात लाइट, आणि कॅमेरा न हलवता फोटो सरकवायचा. १० बाय ४८ इंचाचा फोटो स्कॅनरवर आठेक तुकड्यांत होतो, प्रत्येक तुकडा आधीच्यावर तिसरा हिस्सा तरी चढलेला हवा. ऑटो एक्सपोजर आणि ऑटो कलर सगळं बंद, नाहीतर जोड ठिगळासारखे दिसतात. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवा, चेहरे वाटाण्याएवढे असतात. त्याने २८,८०० बाय ६,००० पिक्सेलची फाइल होते, ८ बिट रंगीत टिफ अर्धा जीबी, कॉम्प्युटर कुरकुरणारच.

जोडताना एक चूक सगळेच करतात, सॉफ्टवेअरमध्ये पॅनोरमा मोड निवडतात. त्याला वाटतं तुम्ही कॅमेरा फिरवून फोटो काढलेत, मग ते फोटो परत वाकवतं. तुमच्याकडे सपाट कागदाचे तुकडे आहेत, फोटोशॉपच्या फोटोमर्जमध्ये रिपोझिशन निवडा, म्हणजे ते फक्त सरकवून जुळवतं. आणि कृपा करून ती फुगलेली इमारत सरळ करत बसू नका, ती केली की रांग वाकडी होते.

मूळ फोटो परत पेन्सिलीएवढ्या गुंडाळीत घालू नका. सपाट ठेवायला जागा नसेल तर जाड, चार इंच किंवा त्याहून जास्त व्यासाच्या नळीवर आम्लमुक्त कागद लावून सैल गुंडाळा. नावं लिहायची ती स्कॅनच्या छापील कॉपीवर, मूळ फोटोच्या मागे पेनाने नाही, आणि डावीकडून ओळीने नंबर देताना ती दोन टोकं आधी ताडून घ्या, नाहीतर यादीत एक माणूस जास्त भरतो आणि तो कोण हे शोधण्यात आख्खा रविवार जातो.