बस येईपर्यंत थांबा: पहिल्यांदा ॲनिमे बघणाऱ्या मोठ्यांसाठी

गेल्या श्रावणात अण्णांना मी पहिल्यांदा जपानी ॲनिमेशनपट, म्हणजे ॲनिमे, दाखवला. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७६, एसटीतून निवृत्त, आणि गेली चाळीस वर्षं साताऱ्यात आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे तबलजी. दहाव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "पोरी, ह्यात कुणी कुणाच्या मागं लागत नाही, कुणी आपटत नाही. मग बघायचं काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. नातवंडांबरोबर टॉम आणि जेरी बघून त्यांचं एक गणित बसलेलं: कार्टून म्हणजे पळापळ. मी त्यांना सिनेमा लावून दिला होता, तो कसा बघायचा ते सांगितलंच नव्हतं. पुढच्या काही रविवारी आम्ही दोघांनी मिळून ते शोधलं. तेच इथे लिहिते. माझी पात्रता एवढीच की १९९९ ते २००४ मी अंधेरीतल्या एका स्टुडिओत इनबिट्विनर होते. परदेशी मालिकांची की ड्रॉइंग्ज, म्हणजे हालचालीतली मुख्य चित्रं, यायची, आणि दोन चित्रांच्या मधली चित्रं लाइटबॉक्सवर कागद ठेवून आम्ही काढायचो. पैसे चित्रामागे मिळायचे. त्यामुळे एखादी आकृती कधी हलते आणि कधी थांबते, हे माझ्या मनगटाला अजून कळतं.

आधी सिनेमा नको, एक प्रसंग बघा

पहिल्याच दिवशी दोन तासांचा सिनेमा लावू नका, आणि शंभर-दोनशे भागांची मारामारीची मालिका तर अजिबात नको. माझी भाची त्या मालिकांची वेडी आहे आणि त्यांतल्या काही मलाही आवडतात, पण त्या चढणीच्या वाटा आहेत. सुरुवात 'माय नेबर टोटोरो'मधल्या बसथांब्याच्या प्रसंगाने करा. हायाओ मियाझाकी यांचा हा सिनेमा १९८८ चा, जेमतेम दीड तासाचा. आमच्याकडे तो नेटफ्लिक्सवर मिळाला.

प्रसंग असा. पाऊस पडतोय. बाबा छत्री विसरून गेलेत, म्हणून सात्सुकी आणि तिची धाकटी बहीण मेई छत्री घेऊन थांब्यावर उभ्या आहेत. एक बस येते, त्यात बाबा नाहीत. बस जाते. अंधार पडतो. मेई पेंगायला लागते, तेव्हा सात्सुकी तिला पाठुंगळी घेते. रस्त्यावरून एक बेडूक सावकाश चालत जातो. मग शेजारी कुणीतरी येऊन उभं राहतं. आधी दिसतात ते नखांचे मोठाले पाय.

हा प्रसंग बघताना तीन गोष्टी करा. खोलीतला दिवा बंद करा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि बघताना "पुढे काय होणार" असं एकमेकांना विचारू नका. शेवटचं सगळ्यात अवघड जातं. अण्णांना दोनदा सांगावं लागलं.

एकदा बघून झालं की लगेच परत लावा, पण या वेळी आवाज बंद करून. आता फक्त एवढंच बघा: पडद्यावर काय हलतंय आणि काय हलत नाही? सात्सुकी कितीतरी वेळ तशीच उभी असते. हलतो तो पाऊस, डबक्यातली वर्तुळं, छत्रीच्या कडेवरून गळणारं पाणी. एखादं पाश्चात्त्य कार्टून इथे काय करेल, ते मी डोळे मिटून सांगू शकते, कारण ते काम मी पाच वर्षं केलं. ती मुलगी पाय आपटेल, उसासा टाकेल, डोळे फिरवेल. तिथला नियमच आहे की पात्र पडद्यावर आहे तर ते जिवंत दिसलं पाहिजे, आणि जिवंत दिसायचं म्हणजे हललं पाहिजे. त्यातही मोठी कला आहे. चेंडूसारखं चपटं होणं, रबरासारखं ताणलं जाणं, उडी मारण्याआधी किंचित मागे झुकणं, हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले आणि त्या उपकारांचं मला विस्मरण नाही. पण सात्सुकी नुसती उभी राहते, आणि तिची काळजी आपल्या पोटात उतरते.

चित्रं मोजा

ही पायरी माझी सगळ्यात आवडती आहे. कंटाळा करू नका, दहा मिनिटांचं काम आहे.

यूट्यूबवर टॉम आणि जेरीची जुनी क्लिप काढा, आणि एखाद्या जपानी टीव्ही मालिकेच्या अधिकृत वाहिनीवरची क्लिप काढा. संगणकावर क्लिप थांबवा आणि पूर्णविरामाचं बटण दाबा. प्रत्येक दाबासरशी क्लिप एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर दृश्य, पुढे सरकते. (स्वल्पविरामाने मागे जाते. क्लिप संगणकात असेल आणि व्हीएलसी या प्लेअरवर बघत असाल तर इंग्रजी 'ई'चं बटण.) सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. २४ वेळा बटण दाबा आणि चित्र प्रत्यक्षात कितीदा बदललं ते कागदावर रेघा ओढून मोजा.

टॉम पळत असेल तर चित्र जवळजवळ दर फ्रेमला किंवा एकाआड एक फ्रेमला बदलेल. म्हणजे सेकंदाला १२ ते २४ चित्रं. जपानी मालिकेत बऱ्याचदा एक चित्र तीन फ्रेम टिकेल, म्हणजे सेकंदाला आठ. दोन माणसं बोलत असतील तर अख्खा चेहरा स्थिर आणि फक्त ओठ बदलताना दिसतील: मिटलेले, अर्धे उघडे, पूर्ण उघडे.

अण्णांनी रेघा मोजल्या आणि म्हणाले, "म्हणजे काम वाचवलंय की." बरोबर आहे. सुरुवात तशीच झाली. जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुका हे डिस्नेचे निस्सीम भक्त. पण १ जानेवारी १९६३ ला त्यांची 'तेत्सुवान आतोमु' (इंग्रजीत 'ॲस्ट्रो बॉय') ही मालिका जपानच्या फुजी टीव्हीवर सुरू झाली, तेव्हा दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा होता आणि पैसे अगदी तुटपुंजे होते. डिस्नेसारखी चित्रं काढणं शक्यच नव्हतं. मग एक चित्र तीन फ्रेम धरायचं, जुनी चित्रं जपून ठेवून पुन्हा वापरायची, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा, असे मार्ग त्यांनी धरले. त्या स्वस्ताईची किंमत तिथले चित्रकार आजही मोजतात. मधली चित्रं काढणाऱ्यांना तिथे 'दौगा'चे लोक म्हणतात आणि त्यांतल्या अनेकांना अजून चित्रामागेच पैसे मिळतात, तेही थोडे. ॲनिमेवर प्रेम करायचं असेल तर हे माहीत असलेलं बरं.

काटकसर काही जपान्यांनीच केली असं नाही. टॉम आणि जेरीचे जनक हॅना आणि बार्बेरा यांनीसुद्धा १९५७ मध्ये स्वतःची कंपनी काढल्यावर टीव्हीसाठी अशीच कमी चित्रांत भागवाभागवी केली. फरक पडला तो वाचलेल्या जागेत काय भरलं यात. अमेरिकी टीव्ही कार्टूनने ती जागा बोलण्याने आणि विनोदाने भरली. जपानी लोकांनी तिथे आभाळ ठेवलं, विजेच्या तारा ठेवल्या, झाडावरच्या किड्यांची दुपारभर चालणारी किरकिर ठेवली. टोटोरो हा सिनेमा असल्याने त्यात टीव्ही मालिकेपेक्षा चित्रं कितीतरी जास्त आहेत, पैशांची तशी ओढाताण नाही. तरीही सात्सुकीला उभंच ठेवलंय. एव्हाना थांबणं ही गरज राहिली नव्हती, ती भाषा झाली होती.

खाली

अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २००२ मध्ये मियाझाकींना या रिकाम्या क्षणांबद्दल विचारलं होतं. मियाझाकींनी तीन-चार टाळ्या वाजवल्या आणि सांगितलं की दोन टाळ्यांच्या मधला जो वेळ, त्याला जपानीत 'मा' म्हणतात.

मी हे अण्णांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मांडीवर तीनतालाचा ठेका धरला. पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला, टाळी, पाचव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात नुसता उलटा झाला. "ही खाली," ते म्हणाले. "खालीला डग्गा घुमत नाही, पण मात्रा जात नसते. नवशिका इथंच घाई करतो आणि पुढची सम चुकवतो."

त्या दिवसानंतर मला त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. तुमच्या घरी गाण्याचं, कीर्तनाचं, भजनाचं कुणी असेल तर त्यांना हाच शब्द सांगा. 'मा' आणि खाली एकच असा माझा दावा नाही, पण बसथांब्यावर ज्याला खाली ऐकू आली त्याला टोटोरो, म्हणजे त्या नखांच्या पायांचा धनी, पानांवरचं पाणी पाडायला उडी मारतो तेव्हा सम आल्यासारखं वाटतंच.

आवाज मूळ जपानीच ठेवा

वाचता येत असेल आणि चष्मा जवळ असेल तर मूळ जपानी आवाज आणि खाली उपशीर्षकं असं बघा. अण्णांना इंग्रजी अक्षरं भरभर वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगते. पहिली वीस मिनिटं अडखळायला होतं, नंतर सूर लागतो. लहान मुलांसाठी हिंदी डबिंग उत्तम. आपली एक पिढी त्यावरच वाढलीये. १९९३ मध्ये दूरदर्शनवर लागणारा मोगली जपानी होता, निप्पॉन ॲनिमेशनचा, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं? आम्हाला तर शेरखानच्या आवाजात नाना पाटेकर ऐकू यायचे आणि मोगली आपल्याच जंगलातला वाटायचा.

मूळ आवाजाचा आग्रह का, तर नात्यांसाठी. जपानीत नावाला 'सान', 'चान', 'कुन', 'सामा' असे शब्द जोडतात. इंग्रजी उपशीर्षकांत ते बहुतेक वेळा गळून पडतात, कानाला मात्र ऐकू येतात. एखादी मुलगी इतके दिवस 'सान' म्हणत होती आणि एके दिवशी तिने नुसतं नाव घेतलं, तर काय घडलं हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. 'अहो'चं 'अरे' झालं. आपल्याला हे आयतं मिळालंय, ते वाया घालवू नका.

ओठ आणि शब्द तंतोतंत जुळत नाहीत म्हणून चिडू नका. पाश्चात्त्य कार्टूनमध्ये आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्र त्यावर बेततात. जपानमध्ये बहुधा चित्र आधी, आवाज नंतर. याला एक सुंदर अपवाद आहे आणि तो मी दुसरा सिनेमा म्हणून सुचवते: इसाओ ताकाहाता यांचा १९९१ चा 'ओन्ली यस्टर्डे'. टोकियोत नोकरी करणारी २७ वर्षांची ताएको सुट्टी काढून यामागाताच्या शेतात करडईची फुलं तोडायला जाते, आणि तिच्याबरोबर तिचं पाचवीतलं वय निघतं. यातल्या मोठ्या ताएकोचे संवाद ताकाहातांनी आधी रेकॉर्ड केले आणि चेहरा त्यावरून काढून घेतला. ती हसते तेव्हा गालावर रेषा पडतात. सुंदर बाईच्या गालावर रेषा काढायला ॲनिमेटर सहसा धजत नाही, कारण एक रेष जरा चुकली की बाई म्हातारी दिसते. मी काढून बघितलंय. म्हणून तो चेहरा बघताना मी थक्क होते.

याच सिनेमात घरी पहिल्यांदा अननस येतो तो प्रसंग आहे. कापायचा कसा हे कुणाला माहीत नाही. शेवटी कापतात, सगळे चाखतात, आणि तो कडक, बेचव निघतो. एकेक जण फोड खाली ठेवतो. ताएको मात्र चावत राहते. यात खलनायक नाही, विनोदही नाही. अण्णांनी हा प्रसंग थांबवायला लावला आणि १९६० च्या सुमारास त्यांच्या घरी आलेल्या पहिल्या सफरचंदाची गोष्ट सांगितली. ती मी इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती.

काही किरकोळ पण लागणाऱ्या गोष्टी. डोक्यावर मोठा घामाचा थेंब म्हणजे ओशाळणं, कपाळावर फुलीसारखी शीर म्हणजे राग, नाकातून फुगा म्हणजे गाढ झोप. ही चिन्हं मांगा म्हणजे तिथल्या चित्रकथांतून आली आहेत. दोन भागांत सवय होते. आणि चित्र गोड दिसलं म्हणून लहान मुलांसमोर काहीही लावू नका. टोटोरोच्या जोडीने त्याच दिवशी जपानमध्ये 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' प्रदर्शित झाला होता, ताकाहातांचाच. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पोरकी झालेली दोन भावंडं. तो मोठ्यांनी बघावा, एकट्याने बघू नये, आणि नंतर काही कामं ठेवू नयेत.

तिसरा सिनेमा 'स्पिरिटेड अवे', २००१ चा, ज्याला ऑस्कर मिळालं. त्यात खूप काही घडतं, आणि शेवटाकडे छोटी नायिका चिहिरो पाण्यावरून जाणाऱ्या आगगाडीत नुसती बसून राहते. इथपर्यंत आलात की तो प्रवास लांबला असं तुम्हाला वाटणार नाही.

सिनेमा संपला की नामावली सुरू होते आणि नेटफ्लिक्स लगेच पुढचं काहीतरी लावायला धावतं. तेव्हा 'क्रेडिट्स बघा'चं बटण दाबा. दिग्दर्शक, पार्श्वभूमीचे चित्रकार, मुख्य चित्रं काढणारे की ॲनिमेटर, आणि दाटीवाटीने मधली चित्रं काढणाऱ्यांची नावं येतात. पाच वर्षांत मी हजारो चित्रं काढली, माझं नाव कुठल्याच पडद्यावर आलं नाही. म्हणून ही नावं मी वाचते. जपानी अक्षरं मला येत नाहीत, तरी त्या ओळींवरून नजर फिरवते. अण्णा आता तोवर रिमोटला हात लावत नाहीत. परवा नावं सरकत असताना त्यांनी विचारलं, "ह्यातलं पावसाचं काम कुणाचं गं?"