नाटक-सिनेमाचे कपडे शिवायला शिकताय? या चुका टाळा

शिवणाचा कोर्स करून, हातात चांगली सफाई घेऊन मुलं वेशभूषेच्या प्रशिक्षणाला येतात. टीप सरळ असते, कॉलर नीट बसलेली असते, पुतळ्यावर कपडा देखणा दिसतो. मग तालमीत नट हात वर करतो आणि सगळा अंगरखा कमरेपासून वर उचलला जातो. तो कपडा आरशासमोर स्वस्थ उभ्या राहणाऱ्या माणसासाठी बेतलेला असतो. नट पळतो, गुडघ्यावर बसतो, पडतो, कुणाला तरी उचलून घेतो. पुढच्या बहुतेक चुका या एका विसरण्यातून होतात.

हात वर केला की कपडा वर ओढला जातो

यावर नवशिके हमखास मुंढा (धडावर बाही जोडायची गोलाई) आणखी खोल कापतात, आणि ओढ वाढते. मुंढा जितका खाली, तितकी बाही धडाला खाली बांधली जाते. हात उचलला की बाजूची शिवण सोबत जाते. मुंढा बगलेच्या जवळ, वर ठेवा आणि बाहीची कॅप, म्हणजे बाहीचा वरचा गोलसर भाग, थोडी बसकी काढा. मारामारी किंवा नाच असेल तर त्याच कापडाचा चौबगला (चौकोनी जोडतुकडा) उरेप, म्हणजे तिरपा, कापून बगलेत घाला. कपडा शिवून झाला असेल तरी घाबरू नका. मुंढा आता वर नेता येणार नाही, पण बगलेत जिथे शिवणी एकत्र येतात तिथून चारही दिशांना ८-१० सेंटिमीटर उसवून चौबगला बसवता येतो. टोकांना आधी पातळ कापडाचा तुकडा लावून घ्या, नाहीतर फाटण्याची सुरुवात तिथूनच होते.

मापंही फक्त ताठ उभं करून घेऊ नका. बसल्यावर कंबर किती वाढते, वाकल्यावर मानेपासून कमरेपर्यंत पाठ किती लांबते, हे टिपून ठेवा. सलग एका तुकड्याचा पोशाख असेल तर खांद्यावरून, दोन पायांमधून परत त्याच खांद्यापर्यंतचं माप हवंच. ते चुकलं तर नट बसूच शकत नाही.

ट्रायलमधली घाई

थेट महागड्या कापडाला कात्री लावू नका. आधी मांजरपाटावर बेतून कच्च्या टाक्यांनी ट्रायल घ्या. त्या वेळी भूमिकेतली पादत्राणं आणि आतले कपडे अंगावर असलेच पाहिजेत. टाचेची उंची बदलली की घेराची लांबी चुकते. नटाला प्रसंगातल्या हालचाली करायला सांगा. नुसतं गोल फिरवून पाहणं ही ट्रायल नव्हे.

माया कापून टाकणे

तयार कपड्यांच्या शिवणीत साधारण १ ते १.५ सेंटिमीटर माया, म्हणजे टिपेबाहेर राखलेलं जादा कापड, असते. आपल्याकडे बाजूच्या आणि पाठीच्या मधल्या शिवणीला किमान २.५ सेंटिमीटर ठेवा. भूमिका दुसऱ्या नटाकडे जाते, तोच नट जाड-बारीक होतो, तोच पोशाख पुढे वेगळ्या प्रयोगात वापरला जातो. शिवणीचे दोन्ही पदर (थर) एकत्र ओव्हरलॉक करून, म्हणजे कडा मशीनने गुंफून, जादा कापड उडवलंत, तर सैल करायचे सगळे मार्ग बंद होतात. पदर वेगवेगळे ओव्हरलॉक करा, आणि कमरपट्टीला पाठीमागे मध्यावर जोड ठेवा.

रंगवल्यावर पांढरे टाके दिसतात

प्रशिक्षणात सगळ्यात जास्त रडवणारी चूक हीच. सुती अंगरखा शिवला, मग तपकिरी रंगात बुडवला. कापड रंगलं आणि सगळ्या टिपा पांढऱ्याच राहिल्या. दोरा पॉलिस्टरचा होता. सुताला चालणारा रिअ‍ॅक्टिव्ह रंग पॉलिस्टरला धरत नाही; त्याला डिस्पर्स रंग आणि भरपूर उष्णता लागते. लोकर आणि रेशमाला बहुधा अ‍ॅसिड रंग वापरतात. म्हणून शिवल्यावर रंगवायचं असेल तर सुती दोराच वापरा, आणि कापड बेतण्याआधी धुऊन आटवून घ्या. नमुन्याचा तुकडा रंगवून पूर्ण वाळल्यावरच निर्णय घ्या, ओला रंग नेहमी गडद दिसतो. चूक झालीच असेल तर बारीक ब्रशने टाक्यांवर कापडाचा रंग भरा. वेळ लागतो, पण कपडा वाचतो.

अंधारातला बदल

विंगेत काही सेकंदांत कपडे बदलायचे असतील तर बारीक हूक लावू नका, अंधारात ते सापडत नाहीत. वेल्क्रो पटकन निघतं, पण शांत प्रसंगात त्याचा आवाज सभागृहात जातो, शिवाय ते विगमध्ये आणि लेसमध्ये अडकतं. मोठी टिचबटणं लावा आणि वर शोभेची खोटी बटणं शिवा. बदलाचीही तालीम घ्या.

कॅमेऱ्यासाठी शिवताना

अगदी बारीक पट्ट्या किंवा चौकडी पडद्यावर थरथरल्यासारखी दिसते. शुभ्र पांढरं प्रकाशात फटफटतं, म्हणून ते किंचित मळकं करतात. हिरव्या पडद्यासमोर हिरवा कपडा पार्श्वभूमीबरोबर गायब होतो. छातीला माइक लागणार असेल तर सळसळणारं कापड नकोच. रक्त, चिखल, पडझड असेल तर एकाच पोशाखाच्या अनेक प्रती लागतात. सगळ्यांचं कापड एकाच ताग्यातून घ्या आणि शक्य तर एकाच वेळी रंगवा. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, त्यामुळे कपडा कोणत्या प्रसंगात किती मळलाय, फाटलाय, याचे फोटो ठेवावेच लागतात.

काळाचंही भान ठेवा. आजच्या चेनचा (झिपचा) आराखडा १९१३ चा, आणि रोजच्या कपड्यांत ती रुळली १९३० च्या दशकात. १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग सापडला, त्याआधीच्या गोष्टीत झगझगीत रासायनिक जांभळा शोभत नाही. रंगमंचावर पट्टीखाली लपवलेली चेन खपून जाते. क्लोज-अपमध्ये मात्र पट्टी जरा सरकली तरी दात दिसतात. तिथे हूक आणि नाडीवरच काम भागवा.