आईला साइडकारमध्ये बसवून खडीरला जायचं तर

आईचे गुडघे गेले आणि बुलेटच्या मागच्या सीटवर टांग टाकून बसणं तिला जमेना, तेव्हा मी गाडीला डाव्या बाजूनं साइडकार, म्हणजे एका चाकाची बसायची टपरीवजा बैठक, जोडून घेतली. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून जांबुघोड्याच्या धरणकाठी आणि पुढे कच्छच्या खडीर बेटापर्यंत आम्ही दोघी जाऊन आलो. आपल्या घरातलं माणूस घेऊन कुणी असंच निघणार असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी बुलेटची सवय विसरा. साइडकार लागली की वळणावर झुकता येत नाही, हँडल दोन्ही हातांनी ओढून वळवावं लागतं. रेस दिली की गाडी डावीकडे ओढते, कारण साइडकारचं वजन मागे रेंगाळतं. ब्रेक दाबला की तेच वजन पुढे रेटतं आणि गाडी उजवीकडे जाते. खरा धोका डाव्या वळणाचा. वेग जास्त असला तर साइडकारचं चाक हवेत उचललं जातं. हँडल जरा सरळ केलं की चाक खाली बसतं, पण तेवढ्यात आपण समोरून येणाऱ्या ट्रकच्या बाजूला सरकलेलो असतो. म्हणून वेग वळणाच्या आधीच उतरवायचा. साइडकारमध्ये वाळूचं ३० किलोचं पोतं ठेवून मी महिनाभर पहाटे नवलखी मैदानावर डावीकडे गोल गोल फिरले, चाक मुद्दाम उचलून पुन्हा टेकवलं. पोत्याच्या जागी आईला बसवलं ते त्यानंतरच. एकटं जाताना पोतं आजही लागतं.

साइडकारचं चाक पुढच्या बाजूनं किंचित आत वळलेलं हवं आणि बुलेट साइडकारपासून जराशी बाहेर कललेली. सपाट रस्त्यावर गाडी एकाच बाजूला ओढत राहिली, तर जोडणी पुन्हा तपासून घ्या. आरसी बुकात साइडकारची नोंद करायची, विमा कंपनीलाही कळवायचं.

पहिली रात्र जवळ काढा. आम्ही जांबुघोड्याच्या जंगलात कडा धरणाकडे गेलो. वनखात्याची परवानगी आधी घ्या. आपल्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे बडोदेकरांना सांगायला नको. इथल्या तलावांतही त्या असतात असं धरूनच तंबू पाण्यापासून बराच वर लावा आणि अंधारात भांडी घासायला काठावर जाऊ नका.

कच्छला नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. अहमदाबादचा ९३ किलोमीटरचा एक्स्प्रेसवे दुचाकींना, म्हणून आपल्यालाही बंद, तेव्हा आणंद-नडियादवरून जुन्या हायवेनं. पुढे भचाऊ, रापर, बालासर, आणि मग रणातून जाणाऱ्या रस्त्यानं खडीर. आम्ही हा प्रवास दोन दिवसांत केला, दर तासाला थांबत. साइडकारला बुलेटइतका सस्पेन्शनचा आधार नसतो, खड्डा थेट पाठीला लागतो. आईखाली गोधडीची चौपदरी घडी घालते.

खडीरचे कडे पाहून सह्याद्रीतले सडे आठवतात, पण दगड वेगळा. वर कठीण वालुकाश्म, खाली मऊ शेल, म्हणजे चिखलाच्या थरांचा ठिसूळ दगड. शेल झिजला की वरचे दगड निराधार होऊन कोसळतात. म्हणून सावलीच्या मोहानं कड्याच्या पायथ्याशी तंबू लावू नका. रणातल्या पांढऱ्या मिठावरही गाडी घालू नका. वरचा थर वाळलेला दिसतो, खाली काळा चिखल असतो, आणि तीन चाकं रुतली की दोन माणसांना निघत नाहीत. बुलेटला रिव्हर्स नाही, त्यामुळे गाडी उताराकडे तोंड करून कधीच उभी करायची नाही.

खडीरवरच्या धोळावीरेला, म्हणजे हडप्पाकालीन शहराच्या अवशेषांना, दिवस राखून ठेवा. २०२१ साली ते जागतिक वारसा झालं. दोन ओढ्यांचं पाणी अडवून खडकात खोदलेले हौद आईनं काठावरून पाहिले आणि तिथून तिचा पाय निघेना.

पाकिस्तानची सीमा जवळ आहे, म्हणून गावात विचारल्याशिवाय मुक्काम करू नये. संध्याकाळीच गाडी पूर्वेकडे तोंड करून लावा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड द्या. आईला जमिनीवरून उठता येत नाही, तेव्हा सकाळी साइडकार हीच तिची खुर्ची. चहाचा कप आणि मेतकूट-भाताची वाटी मी तिथेच देते. सूर्य रणावरून वर येतो तेव्हा ती शाल लपेटून तिथेच बसलेली असते.