बॉल स्क्रूचा नट बसवताना या चुका टाळा, आणि रविवारी मला फोन करू नका

बॉल स्क्रू म्हणजे सीएनसी मशीनचा सरकणारा भाग मागे-पुढे नेणारा आट्यांचा दांडा, त्याच्या नटात छर्रे असतात. पहिली गोष्ट, हा नट स्क्रूवरून असाच फिरवून काढायचा नसतो. नसतो म्हणजे नसतो.

भोसरीत आमच्या शेडवर एक पोरगा सीएनसी राउटर (लाकूड वगैरे कापायचं मशीन) घेऊन आला, 1605 चा स्क्रू, म्हणजे 16 एमएम डाया आणि 5 चं लीड, एका फेऱ्यात नट 5 एमएम सरकतो. नटाची फ्लँज (बोल्ट मारायची कडा) उलट्या बाजूला आलेली म्हणून ह्याने नट सरळ फिरवून बाहेर काढला, आणि छर्रे अर्धे टेबलावर, अर्धे कपाटाखाली. मग पठ्ठ्याने काय करावं, तर सायकलच्या दुकानातून छर्रे आणून भरले! साइज बरोबरच होती म्हणा, 3.175 म्हणजे 1/8 इंच, पण ग्रेडचं, म्हणजे सगळे छर्रे एकसारखे असण्याचं काय? एखादा छर्रा चार-पाच मायक्रॉन जरी मोठा निघाला तरी लोड तोच खातो आणि बाकीचे नुसते फिरतात. नट आठवड्यात खरखरायला लागला, डायल गेज लावला तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, पण आलेला. शेवटी नवीन नटच घ्यावा लागला.

नट उलटा करायचाच असेल तर पाइपचा तुकडा टर्न करून घ्या, बाहेरचा डाया स्क्रूच्या रूट डायापेक्षा (आट्यांच्या तळाशी मोजलेला) 0.2-0.3 एमएम कमी, आतून स्क्रूचं मशीन केलेलं टोक जाईल इतका. पाइप थ्रेडच्या टोकाला टेकवून धरायचा आणि नट हळूच त्यावर घ्यायचा. मी दोन्ही बाजूंना रबर बँड गुंडाळतो, सवय आहे.

दुसरं माझं दुखणं म्हणजे आधीच सगळे बोल्ट आवळणारे लोक. अहो, नटाचं काम ढकलायचं, वजन पेलायला रेल आहेत ना! नटावर साइड लोड आला की तो गेला. मी सगळं ढिलं ठेवतो, कॅरेज (रेलवर सरकणारा भाग) हाताने फिक्स बेअरिंगकडे, म्हणजे स्क्रू पक्का धरलेल्या टोकाकडे नेतो, तिथे नट आवळतो, मग दुसऱ्या टोकाला नेऊन तिकडचा बेअरिंग ब्लॉक आवळतो. मध्ये हलकं फिरतंय आणि टोकाला कडक होतंय म्हणजे स्क्रू रेलला पॅरलल नाही, खाली शिम (पातळ पत्रा) घाला. कोल्ड्रिंकचा कॅन कापून शिम मी पण केलीय, पण सांगू नका कुणाला. मोटर मोठी लावून हे सुटत नाही, हे दर महिन्याला एकाला तरी सांगतो.

बाकीचं पटकन. 1610, म्हणजे 10 चं लीड, आणून सेटिंग 1605 चं ठेवलं की 100 एमएमला मशीन 200 जाणार. 200 स्टेपची मोटर (एका फेऱ्यात 200 पावलं) आणि 8 मायक्रोस्टेप (एका पावलाचे 8 भाग) असेल तर 5 च्या लीडला 320 आणि 10 ला 160 स्टेप प्रति एमएम.

नवीन नटात असतं ते बहुतेक गंज न लागण्यासाठीचं तेल, ग्रीस नव्हे. लिथियम ग्रीस भरा, ग्राफाइटवालं नको.

सी7 या अचूकतेच्या ग्रेडचा स्क्रू घेऊन मायक्रॉनच्या गप्पा मारू नका, 300 एमएमला 0.05 एमएमचा फरक त्यात धरलेलाच असतो.

आणि झेड ॲक्सिसला (वर-खाली जाणारा) ब्रेकवाली मोटर नाहीतर काउंटरवेट लावा, बॉल स्क्रू साध्या, बिनछर्र्यांच्या लीड स्क्रूसारखा अडकून राहत नाही, लाइट गेली की स्पिंडल खाली येतो. आमच्याकडे लाइट कधी जाते ते तुम्हाला माहीतच आहे.