सॅक्सोफोनच्या सरावासाठी स्वस्त रीड निवडताना

लग्नसराईआधी लातूर-नांदेडकडच्या बँडपथकात नव्याने सॅक्सोफोन हाती घेणाऱ्याने दोन, फार तर अडीच नंबरची साधी रीड घ्यावी. रीड म्हणजे फुंकल्यावर कंप पावून सूर काढणारी पातळ पत्ती; नंबर जितका मोठा तितकी ती कडक. कडक रीडवर सूर दमदार निघतो या समजुतीने नवखा ओठ थकवून घेतो आणि सुरापेक्षा हवाच जास्त ऐकू येते. सरावाला रिको कंपनीची नारिंगी डबीतली रीड पुरेशी आहे. मात्र सर्व कंपन्यांचे नंबर सारखे नसतात आणि अल्टो सॅक्सोफोनची रीड त्याहून मोठ्या टेनर सॅक्सोफोनला बसत नाही. शक्य असल्यास रीड उजेडासमोर धरून पाहावी. मधला गडद भाग दोन्ही बाजूंना सारखा उतरलेला आणि टोक अखंड असेल, तर ती बहुधा चांगली वाजते.

आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बोरूसारख्या गवतापासून केलेली ही पत्ती वाळून टोकाशी लाटेसारखी वाकते, म्हणून वाजवण्यापूर्वी ती दोन मिनिटे पाण्यात भिजवावी. वाजवून झाल्यावर ती माउथपीसवर (वाद्याच्या तोंडात धरायच्या भागावर) तशीच न सोडता पुसून सपाट खोक्यात ठेवावी, आणि एकाच रीडवर रोज भार न टाकता तीन-चार आलटून-पालटून वापराव्यात.